नांगराची निशाणी ते ओटीपी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोसीखुर्द म्हटले की वैनगंगेवरचे धरण डोळ्यांसमोर येते. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाची पायाभरणी झाली. पुढे ज्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, त्यांच्या हाती जमिनीऐवजी पासबुक आले. शेताच्या धुऱ्यावर उभे राहून ‘हे माझे’ म्हणता येते, साऱ्या गावाला ते ठाऊक असते. खात्यातल्या रकमेचे तसे नाही. ‘तो मीच’ हे जो पटवून देईल, त्याच्या हाती ती पडते.

इथेच चोराला वाट सापडते. फोन येतो, “बँकेतून बोलतोय, तुमचे कार्ड बंद होणार आहे, मोबाईलवर आलेला आकडा सांगा.” आकडा सांगितला की पैसे गेले. हे संगणकाच्या युगाचे पाप आहे असे आपण म्हणतो. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या नावावर कर्ज चढवण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे.

मराठी अमदानीतील कागदपत्रे पाहिली, तर अक्षरओळख नसलेला कुणबी सहीच्या जागी नांगर काढताना दिसतो. ‘निशाणी नांगर’ असे शेजारी लिहिलेले असते. गावात चार पंचांसमोर कागद झाला, की ती निशाणी पुरेशी होती, कारण खरी साक्ष पंचांची होती. इंग्रजांची दिवाणी न्यायालये आली आणि पंचांची जागा कागदाने घेतली. आता मला सांगा, एका नांगराच्या चित्रावरून दुसरा नांगर वेगळा कसा ओळखायचा?

१८५९ साली मुदतीचा कायदा झाला. तीन वर्षांनंतर जुन्या कर्जरोख्यावर दावा लावता येणार नाही, असे त्यात ठरले. हेतू रयतेच्या भल्याचा होता. सावकारांनी मात्र दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि त्यावर पुन्हा व्याज. पावती नाही, वही पाहायला मिळत नाही, रोख्यात काय लिहिले ते वाचता येत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी रयत उठली आणि सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. हा वणवा अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जावे, रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, कुळाला पावती मिळावी, मागितल्यास पासबुकही मिळावे, अशा त्यातल्या तरतुदी. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे हा कायदा इकडे नव्हता. इकडच्या कुळाला १९३४ च्या मध्य प्रांत सावकारी कायद्यापर्यंत थांबावे लागले. सावकाराने हिशेब ठेवावा आणि दरवर्षी त्याचा उतारा ऋणकोला द्यावा, असे त्या कायद्याने सांगितले. आज कार्डाचे मासिक स्टेटमेंट न उघडता फेकून देणाऱ्यांनी हे आठवून पाहावे. एवढ्याशा कागदासाठी किती पिढ्या गेल्या!

तोतयाचा प्रश्न दुसरीकडे सुटत होता. बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. १८७७ मध्ये हुगळीला त्याने दस्तनोंदणीसाठी आणि पेन्शनरांसाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या पेन्शनरच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलून नेऊ नये, हा हेतू. अंगठा उठवणे आपल्याकडे अडाणीपणाची खूण ठरले, हा एक विनोदच म्हणायचा. ती तर नांगराच्या निशाणीपेक्षा कितीतरी पक्की ओळख होती. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार कार्ड दिले गेले आणि शिकलेल्यांनाही पुन्हा बोटे टेकवावी लागली.

भारतीय बँकांची क्रेडिट कार्डे १९८० च्या सुमारास आली आणि त्यांच्याबरोबर तीन वर्षांचा रोखा महिन्यावर आला. समजा, कार्डावर वीस हजार बाकी आहेत आणि ‘किमान रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे एक हजार भरले. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज सातशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी एकशे सव्वीस. मुद्दलातून फिटले फक्त एकशे चौऱ्याहत्तर. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ‘किमान’ हा शब्द ज्याने योजला, त्याला सुप्याचा सावकार गुरुस्थानी मानेल. सगळे भरणे जमत नसेल, तर कार्ड खिशातून काढून ठेवावे आणि बाकीचे हप्ते बांधून मागावेत. दुसऱ्या कार्डातून पहिले फेडणे म्हणजे नवा रोखाच.

आपल्या नावाने परस्पर कर्ज निघाले आहे का, हे १८७५ च्या कुळाला कळायची सोय नव्हती. आज आहे. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. तो मागवावा, अनोळखी कर्ज दिसले तर बँकेला आणि त्या कंपनीला लेखी कळवावे. आधार-पॅनची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी. न मागता कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत मनाई केली आहे; आलेच, तर ते सुरू न करता तक्रार करावी.

आणि पैसे गेलेच तर? लाजेने घरात दडवून ठेवण्याची आपल्याकडे फार खोड. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले, की चूक बँकेची नाही, आपलीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही. आकडा आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करावे, लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर नोंद करावी. बँक तक्रारीचा नंबर देते. तो तारीख आणि वेळेसह वहीत उतरवून घ्यावा. तीन दिवसांचा हिशेब त्यावरूनच होतो.