मनातले पाप, तळ्याचे पाणी आणि मनुस्मृतीचा बारावा अध्याय

महाड-पोलादपूरच्या गावांत काम करताना दोन वाक्ये आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. पहिले वाक्य असे : "जात आमच्या मनात असेल, पण आम्ही कुणाला काही केले का? मग मनातले विचारणारे तुम्ही कोण?" दुसरे वाक्य बरोबर उलटे : "आमच्या मनात काही नाही हो, पण गावाची रीत आहे, ती पाळावी लागते." पहिला म्हणतो, मनात आहे पण वागण्यात नाही. दुसरा म्हणतो, वागण्यात आहे पण मनात नाही. दोघेही आपापल्या परीने सुटतात. अडकतो तो फक्त बौद्धवाडीतला माणूस.

या दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एक जुना धार्मिक प्रश्न आहे. हाताने काही केले नाही, तोंडाने काही बोललो नाही, नुसते मनात आले, तर ते पाप होते का? वरवर हा प्रश्न पुरोहितांच्या चर्चेचा वाटतो. पण या प्रश्नाचा आणि महाडच्या चवदार तळ्याचा संबंध फार जवळचा आहे. चळवळीतल्या तरुणांनी तो समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

ख्रिस्ती धर्माचे उत्तर

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माने फार गंभीरपणे घेतला आहे. मोशेच्या दहा आज्ञांमध्ये चोरी करू नये ही एक आज्ञा आहे आणि शेजाऱ्याच्या घराचा, बायकोचा, बैल-गाढवाचा लोभ धरू नये ही वेगळी आज्ञा आहे. म्हणजे चोरी न करताही नुसता लोभ दोषास्पद ठरतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात येशूने हे आणखी पुढे नेले. खून करू नये एवढ्यावर तो थांबत नाही, मनातल्या रागालाही जाब विचारतो. व्यभिचाराबद्दल बोलताना वासनेने पाहणाऱ्या नजरेलाच दोषी धरतो.

मग मनात चुकून आलेला प्रत्येक विचार पाप झाला का? ख्रिस्ती विचारवंतांनी यावर शतकानुशतके वाद घातला. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीनने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : आधी मनात सूचना उठते, मग तिची गोडी लागते, आणि शेवटी मन तिला संमती देते. पाप पूर्ण होते ते संमतीपाशी. बाराव्या शतकात पीटर अबेलार्डने याच संमतीला पापाचा गाभा ठरवले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मनातल्या वाईट ओढीलाच पाप म्हटले, तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये ठरवले की बाप्तिस्मा झालेल्या माणसातली नुसती ओढ हे खऱ्या अर्थाने पाप नव्हे. मात्र जाणूनबुजून मनात घोळवलेले गंभीर पाप कबुलीजबाबात सांगितलेच पाहिजे, हेही त्याच परिषदेने १५५१ मध्ये बजावले. थोडक्यात, ख्रिस्ती उत्तर असे : विचार आला म्हणून पाप नाही, विचाराला घरात जागा दिली की पाप.

या चर्चेतली आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची जागा मार्कच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय आहे. येशूचे शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात, म्हणून परुशी लोक आक्षेप घेतात. त्यावर येशूचे म्हणणे असे की बाहेरून पोटात जाणारी गोष्ट माणसाला विटाळत नाही. माणसाला विटाळते ते त्याच्या आतून बाहेर येणारे : लोभ, कपट, मत्सर, गर्व, खुनाची बुद्धी. हे वाचून महाडचा माणूस थबकल्याशिवाय राहत नाही. कारण आमच्या गावात याच्या नेमके उलटे घडले होते.

विटाळ कुठे असतो?

१९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, पण पाण्याला हात लावायला कोणी धजत नव्हते. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या परिश्रमातून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर जाऊन पाणी प्यायली.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली : हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवली गेली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. देवळात जाण्याचा कार्यक्रम परिषदेने ठरवलेलाच नव्हता. म्हणजे आमच्या माणसांना मार बसला तो त्यांच्या कृतीसाठी नव्हे, त्यांच्या मनात नसलेल्या हेतूसाठी. मनातल्या पापाची कल्पना सत्तावानांच्या हातात पडली की काय होते, त्याचा हा महाडमधला पुरावा आहे. विचार दिसत नाही, त्यामुळे तो कुणाच्याही माथी मारता येतो. आणि मारला जातो तो नेहमी दुबळ्याच्या माथी.

दुसरी गोष्ट : तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी केली गेली. १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्र म्हणत ते परत तळ्यात सोडण्यात आले. मार्कच्या सातव्या अध्यायाशी हे ताडून पाहा. डोकी फोडणाऱ्यांच्या मनाची शुद्धी कोणाला गरजेची वाटली नाही. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीने मात्र पाणी बाटले. द्वेषाला विटाळ नाही, स्पर्शाला विटाळ. येशूने ज्या धर्मबुद्धीवर बोट ठेवले होते, तीच बुद्धी एकोणीसशे वर्षांनी महाडच्या घाटावर घागरी मोजत उभी होती.

मनूचा हिशोब

पण याचा अर्थ मनूला मनातले पाप ठाऊक नव्हते असा नाही. उलट ते त्याला चांगले ठाऊक होते. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कर्मदोषांचे तीन प्रकार केले आहेत : मनाचे, वाणीचे आणि शरीराचे. परक्याच्या धनाचा लोभ, दुसऱ्याचे वाईट चिंतणे आणि खोट्या मताचा आग्रह हे मनाचे दोष. इथवर वाचले तर कोणत्याही नीतिग्रंथाला शोभावे असेच आहे. पुढे शिक्षा येते. शरीराच्या दोषाने माणूस स्थावर योनीत, म्हणजे झाडाझुडपांच्या जन्माला जातो. वाणीच्या दोषाने पशुपक्षी होतो. आणि मनाच्या दोषाने? अंत्यज जातीत जन्मतो.

मित्रांनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. या ग्रंथानुसार अस्पृश्याचा जन्म हाच मनातल्या पापाचा निकाल आहे. गुन्हा मागच्या जन्मातला, म्हणून तो आठवत नाही. गुन्हा मनातला, म्हणून त्याला साक्षीदार नाही. आरोपी जन्मण्याआधीच खटला संपलेला, आणि अपील कुठेच नाही. ख्रिस्ती माणसाला निदान ठाऊक असते की आपण कोणता विचार मनात पोसला. त्याला पश्चात्ताप करता येतो, क्षमा मागता येते. मनूच्या अंत्यजाला या जन्मी सुटकेची वाटच ठेवलेली नाही.

म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडला जे जाळले गेले, तो केवळ अपमानकारक श्लोकांचा कागद नव्हता. त्या दिवशी जगभर नाताळ साजरा होत होता. इकडे महाडला, फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जागेवर परिषद भरली होती. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्या आगीत लाखो माणसांवर न केलेल्या विचारांसाठी ठेवलेले आरोपपत्रच जळाले.

बाबासाहेबांचा ख्रिस्ती धर्माला आक्षेप

मग अंतःकरणाला जाब विचारणारा ख्रिस्ती धर्म बाबासाहेबांनी का स्वीकारला नाही? १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही त्यांच्याकडे आशेने पाहिले होते. कारणे अनेक आहेत, पण एक कारण थेट आपल्या विषयाचे आहे. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या, धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील लेखनात त्यांनी पापाच्या सिद्धान्तावर समाजशास्त्राच्या अंगाने टीका केली आहे. माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले असे ख्रिस्ती धर्म सांगतो. समाजशास्त्र सांगते की चुकीच्या सामाजिक आणि धार्मिक परिस्थितीमुळे झाले. अस्पृश्य ख्रिस्ती माणसाला 'ही परिस्थिती बदल' असे शिकवण्याऐवजी 'तुझे पाप धुऊन घे' असे शिकवले गेले, आणि तो चुकीच्या वाटेला लागला, असे बाबासाहेबांचे म्हणणे आहे.

शोषिताला स्वतःच्याच मनात दोष शोधायला लावणे, एवढ्यापुरते तरी मिशनऱ्याचे हे उत्तर मनूच्या जवळ जाते. शिवाय ज्या चर्चने मनातल्या लोभाचा हिशोब मागितला, त्याच चर्चच्या आवारात गोव्यात बामण, चारदो, शूद्र हे भेद टिकून राहिले. मनातली वासना कबुलीजबाबात सांगितली गेली, मनातली जात मात्र पाप म्हणून फारशी कोणाला सांगावीशी वाटली नाही.

धम्माची वाट

बुद्धाने मनाला सर्वात वरचे स्थान दिले. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात निगंठांचा शिष्य शरीराचे कर्म सर्वात भारी मानतो, तर बुद्ध मनाचे कर्म भारी ठरवतात. अकुशल कर्मांच्या यादीत लोभ, द्वेष आणि मिथ्या दृष्टी ही तीन मनाची आहेत. गंमत पाहा, मनूच्या यादीतले मनोदोष जवळजवळ हेच. फरक निकालात आहे. बुद्धाने त्यातून जात काढली नाही, साधना काढली : विचार ओळखा, तो कुठे नेतो ते पाहा, अकुशल असेल तर सोडा.

त्याच वेळी संघाच्या शिस्तीत, विनयात, एक नियम स्पष्ट आहे. नुसता विचार मनात उठला म्हणून भिक्खूला आपत्ती लागत नाही. शिक्षा कृतीला, शिकवण मनाला. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात मोठे शहाणपण आहे.

बाबासाहेबांनी नेमके हेच दोन मार्ग एकाच वेळी धरले. 'जातीचा उच्छेद' या १९३६ च्या, लाहोरला न झालेल्या भाषणात त्यांनी सांगितले की जात ही विटांची भिंत नव्हे, ती मनाची अवस्था आहे. शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा ती टिकवते, म्हणून घाव त्या श्रद्धेवर घातला पाहिजे. पण मन बदलेपर्यंत थांबा, असे ते कधी म्हणाले नाहीत. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहणाऱ्या राजकारणाशी त्यांचा झगडा त्यावरच होता. तळ्याचा खटला त्यांनी जवळजवळ दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. बहिष्काराची प्राचीन वहिवाट सिद्धच झाली नाही, असा निकाल लागला. पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता पाळणे बंद केले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्म दिला, तो मनासाठी.

म्हणून आमचे उत्तर

"मनात आहे, वागण्यात नाही" म्हणणाऱ्याला आमचे सांगणे : तुझ्या मनावर आम्ही खटला भरणार नाही, कायदाही भरत नाही. पण मनात जपलेली जात मनात राहत नाही. ती सोयरीक जुळवताना, खोली भाड्याने देताना, मुलाखतीत आडनाव विचारताना बाहेर येते. संमती दिलेला विचार हाताला काम लावतोच, हे ऑगस्टीनलाही कळले होते.

"मनात नाही, फक्त रीत आहे" म्हणणाऱ्याला सांगणे : १०८ घागरी ओतणारेही रीतच पाळत होते.

आणि आपल्या तरुणांना सांगणे : आपल्या जन्मामागे कुठलेही जुने पाप नाही. हा न्यूनगंड कोणत्याही नावाने समोर आला, नशीब म्हणून आला किंवा प्रारब्ध म्हणून आला, तरी त्याला दारातूनच परत पाठवा. पण आपले मन तपासण्याचे काम दुसऱ्यावर ढकलू नका. पोटजात विचारून लग्न ठरवणे, मातंग वस्तीकडे वरून पाहणे, घरातल्या बाईला सभेत मागे बसवणे, हे विचार आपल्याही वस्तीत उठतात. ते उठले म्हणून कोणी पापी होत नाही. त्यांना घरात जागा दिली, तर मात्र २५ डिसेंबरला आपण जाळलेले पान आपणच पुन्हा लिहायला घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!