नोटेवरचा चेहरा आणि त्यामागचा हात



लग्नात भांडी आंदण देताना आपण त्यांच्यावर नावे घालून घेतो. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव, तारीख. सारे काही असते. नसते ते फक्त ठोकून ठोकून ती अक्षरे घालणाऱ्या कारागिराचे नाव. कागदी नोटेचेही असेच आहे. तिच्यावर बँकेचे नाव असते, अधिकाऱ्याची सही असते, थोर पुरुषाचा चेहरा असतो. तो चेहरा कोणी कोरला, हे मात्र नोट सांगत नाही. मग हे कारागीर कोण होते आणि त्यांची नावे आपल्याला कळली तरी कशी? ती कळली काही जुन्या कागदांमुळे आणि ते कागद जपून ठेवणाऱ्या छांदिष्ट संग्राहकांमुळे.

आधी हे काम कसे चाले ते पाहू. साडीवर लाकडी ठशाने नक्षी छापतात, तेव्हा ठशाचा उंच भाग रंग घेतो. नोटेचे तंत्र याच्या नेमके उलटे. पोलादाच्या गुळगुळीत तुकड्यावर कारागीर भिंगातून पाहत, टोकदार कोरणीने बारीक रेघा आणि ठिपके खोदतो, आणि तेही उलटे, आरशात दिसावे तसे. मग शाई चोळायची, वरची पुसून टाकायची. खाचांत राहिलेली शाई जबर दाबाखाली कागदावर उमटते आणि किंचित उंच उभी राहते. खोल रेघ म्हणजे गडद छाया, उथळ रेघ म्हणजे उजेड. एक चेहरा पुरा व्हायला कित्येक आठवडे लागत, कधी महिनेही. चूक झालीच, तर पोलाद मागून ठोकून उचलायचे, घासायचे आणि पुन्हा कोरायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? बनावट नोटा रोखण्यासाठी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शेकडो खासगी बँका आपापल्या नोटा काढत, आणि खोट्या नोटांचा सुळसुळाट होता. वेलबुट्टी थोडी चुकली तर कोणाच्या ध्यानात येत नाही. पण चेहऱ्याचे तसे नाही. डोळ्याजवळची एक रेघ हलली की माणूस निराळाच दिसू लागतो, आणि हे ओळखायला शिक्षण लागत नाही. शिवाय चेहरा कोरणारा एक, अक्षरे कोरणारा दुसरा, आणि गुंतागुंतीच्या जाळीची नक्षी यंत्रावर काढणारा तिसरा. हे तिन्ही हात एका चोराच्या अंगी कुठून येणार?

याला जोड मिळाली जेकब पर्किन्स या अमेरिकन यंत्रज्ञाच्या युक्तीची. मऊ केलेल्या पोलादावर कोरायचे, मग ते पोलाद कडक करायचे. त्यावर मऊ पोलादाचा रूळ दाबून फिरवला की चित्र रुळावर उठते. तो रूळही कडक करून छपाईच्या पत्र्यावर हवे तितक्या वेळा दाबायचा. मूळ ठसा एकच, पण त्याच्या हुबेहूब प्रती अनेक! पर्किन्स १८१९ साली इंग्लंडला गेले, आणि १८४० मधले जगातले पहिले चिकटणारे टपाल तिकीट, राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याचे, त्यांच्याच कारखान्यात याच पद्धतीने छापले गेले.

आता त्या जुन्या कागदांकडे वळू. कोरताना काम कसे जमते आहे हे पाहण्यासाठी कारागीर मूळ ठशावरून अधूनमधून एखादी छाप काढी. तिला म्हणतात प्रूफ. काही प्रुफांत फक्त डोळे आणि कपाळ झालेले असते, कोट नुसता बाह्यरेषेत असतो. शेवटचे प्रूफ बहुधा 'इंडिया पेपर' नावाच्या पातळ कागदावर काढून जाड पुठ्ठ्यावर बसवीत. गंमत अशी, की नाव इंडियाचे, पण हा कागद मूळचा चीनचा! अशा प्रुफावर कधीकधी खाली पेन्सिलीने कारागिराची सही असते. नोटेवर नसलेले नाव इथे सापडते.

दोन उदाहरणे देतो. फेब्रुवारी १८६४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकन यांचा एक फोटो काढला गेला. त्यावरून १८६९ साली चार्ल्स बर्ट यांनी लिंकन यांचा चेहरा कोरला आणि तो शंभर डॉलरच्या नोटेवर झळकला. हे बर्ट मूळचे स्कॉटलंडचे. दुसरे जी. एफ. सी. स्मिली, यांच्या घराण्यातच हे काम होते. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ मध्ये काढलेल्या चित्रावरून त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन कोरले. एका डॉलरच्या नोटेवर आजही तोच चेहरा आहे. स्मिली १९२४ साली वारले. त्यांच्या हातच्या रेघा जगभर फिरतात. नाव किती जणांना ठाऊक आहे?

याच्या उलट एक किस्सा ऐका. नोटा छापणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुख स्पेन्सर क्लार्क यांनी पाच सेंटच्या नोटेवर चक्क स्वतःचा चेहरा छापवला! तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने १८६६ मध्ये कायदाच केला, की जिवंत माणसाचे चित्र चलनी नोटेवर छापू नये. साहेबाला चेहरा मिरवावासा वाटला. कारागिराला मात्र साधे नावही मिळाले नाही.

न्यूयॉर्कची अमेरिकन बँक नोट कंपनी सात कारखाने एकत्र येऊन १८५८ साली उभी राहिली. तिच्या जुन्या संग्रहातले पुष्कळ कागद १९९० मध्ये लिलावात निघाले आणि संग्राहकांच्या हाती आले. जीन हेस्लर यांनी १९९३ मध्ये 'द एन्ग्रेव्हर्स लाइन' या ग्रंथात नोटा व तिकिटे कोरणाऱ्यांची माहिती नावानिशी एकत्र केली. हेस्लर हे पेशाने वादक. छंद असावा तर असा! संग्राहक नुसती रद्दी जमवत नाही. कोणता चेहरा कोणाचा, हे तो लावून ठेवतो, म्हणून कारागिराचे श्रेय टिकते. कागद विखुरले आणि टिपणे हरवली, की ते नाव कायमचे गेले.

हे सारे परदेशातले खरे; पण नोटा आपल्या दारीही छापल्या जातात. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या, आणि पहिली होती पाच रुपयांची. शिक्षक बंधुभगिनींनो, एखादी करकरीत पाचशेची नोट आणि एक भिंग वर्गात न्या. गांधीजींच्या चेहऱ्यावरून मुलांना अलगद बोट फिरवू द्या. उंचवटा हाताला लागेल. मग भिंगातून रेघा दाखवा. आणि शेवटी मुलांनाच विचारा, की आपल्या गावातल्या देवळाची चौकट कोणी कोरली, वेशीतला दगड कोणी घडवला? जे नाव सापडेल ते वहीत लिहून ठेवायला सांगा. म्हातारी माणसे आहेत तोवरच ही नावे मिळतील.