बंधाऱ्याचे पाणी
पुण्यात होड्यांच्या शर्यती रुजल्या त्या नदीपेक्षा बंधाऱ्यामुळे. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून १८५० साली मुळा-मुठेवर बंधारा झाला, तो पाणीपुरवठ्यासाठी. त्यामागे तुंबलेल्या संथ पाण्यात हौशी वल्ही नंतर पडली : १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब, १९२८ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाचा. महाविद्यालयाच्या ‘रेगाटा’त आजही कयाक आणि पंट उतरतात. जलपर्णी माजली की पहिले अडते ते वल्हे. त्यामुळे नदीचे दुखणे काठावरच्या पुणेकराआधी वल्हवणाऱ्याला कळते.

हेच पाणी पुढे भीमेला मिळून अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. कर्जत तालुक्यातील सिद्धटेकचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधले. पूल होण्यापूर्वी दौंडकडचे भाविक शिरापूरहून होडीनेच पलीकडे जात. त्या नावाड्यांच्या वल्ह्यांची नोंद कुठल्या क्लबात व्हायची? १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि फुगवटा या बाजूस चढला. पूल झाल्यावर उतारू गेले. मासेमारीच्या होड्या राहिल्या. पुण्याचे सांडपाणी भीमेतून याच फुगवट्यात येऊन थबकते, आणि मच्छीमाराला जाळे त्यातूनच ओढावे लागते.