मोगरी (सुतारी)

मोगरी : पटाशी किंवा विंधणे ठोकण्यासाठी आणि लाकडी सांधे बसवण्यासाठी वापरला जाणारा लाकडी हातोडा. लोखंडी हातोड्याचा लहान, कठीण माथा पटाशीच्या लाकडी मुठीवर सतत आदळला, तर मुठीचे टोक फुटते व तिचे तंतू सुटतात. मोगरीचा माथा रुंद असतो आणि तो मुठीइतकाच किंवा थोडा अधिक कठीण असतो. त्यामुळे आघात मोठ्या क्षेत्रावर पसरतो, हत्यार कमी उसळते आणि मूठ दीर्घकाळ टिकते. कुसू खाचेत बसवताना किंवा जुळलेली चौकट सैल करताना तयार पृष्ठभागावर व्रण पडू नयेत, यासाठीही मोगरीच लागते. खिळे ठोकणे हे मात्र तिचे काम नाही.

मोगरी हे सुताराने स्वतःसाठी घडवायचे हत्यार आहे. करवत, रंधा व पटाशी यांची पाती लोहाराकडून किंवा कारखान्यातून येतात. मोगरी मात्र माथ्यापासून दांड्यापर्यंत लाकडाचीच असते. घरगुती कार्यशाळेत नव्याने काम शिकणाऱ्यास मापन, आखणी, आरपार खाच आणि तिरकस सांधा यांचा सराव एकाच लहान वस्तूवर होतो. म्हणून अनेक ठिकाणी ती प्राथमिक प्रात्यक्षिकांत घेतली जाते.

प्रकार : सर्वांत जुना प्रकार म्हणजे एकाच ओंडक्यातून घडवलेली, माथा व दांडा अखंड असलेली गदेसारखी मोगरी. प्राचीन इजिप्तमधील उत्खननांत अशा मोगऱ्या सापडल्या आहेत. नक्षीकाम करणारे आजही गोल, लेथवर कातलेली मोगरी पसंत करतात, कारण ती हातात कशीही फिरली तरी आघाताची बाजू बदलत नाही. जोडकामासाठी चौकोनी माथ्याची व आरपार दांड्याची मोगरी वापरतात. इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सन याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध केलेल्या हस्तव्यवसायविषयक ग्रंथात सुताराच्या हत्यारांमध्ये तिची नोंद केली आहे. पत्राकामाची लाकडी मोगरी, तंबूच्या मेखा ठोकण्याची मोठी मोगरी आणि फरशी बसवण्याचा रबरी हातोडा ही याच कुळातील इतर साधने होत. पुढील विवेचन चौकोनी माथ्याच्या सुतारी मोगरीचे आहे.

रचनेचे तत्त्व : माथ्यातील लाकडाचे तंतू आघाताच्या दिशेने, म्हणजे माथ्याच्या लांबीला समांतर ठेवतात. त्यामुळे मार तंतूंच्या टोकांवर पडतो. लाकडाची दाब सोसण्याची शक्ती याच दिशेने सर्वाधिक असते. दांडा माथ्यातून आरपार जातो. त्याचे तंतू दांड्याच्या लांबीने असतात.

दांड्याची खाच वरून खाली निमुळती असते. दांडा वरच्या टोकाशी रुंद असून तो माथ्यात वरून घालतात. मोगरी फिरवताना माथा बाहेरच्या बाजूला सरकू पाहतो आणि दांड्याच्या रुंद भागावर अधिकच आवळला जातो. या सांध्याला पाचर, खिळा किंवा सरस लागत नाही. माथा वरून निसटू शकत नाही, आणि खालून ठोकल्यास दांडा सहज वेगळा होतो.

दिल्लीसारख्या टोकाच्या हवामानात ही रचना विशेष उपयोगी ठरते. एप्रिल ते जून या काळात तेथे गरम, कोरडे वारे वाहतात व दुपारची सापेक्ष आर्द्रता फार खाली जाते. जुलैपासून मान्सूनमुळे हवा दमट होते. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. आडव्या दिशेने मात्र ते आकसते व फुगते. त्यामुळे उन्हाळ्यात दांड्याची रुंदी कमी होते, पण खाचेची लांबी माथ्याच्या तंतूंना समांतर असल्याने तीत फरक पडत नाही. सरळ खाचेतला दांडा अशा वेळी खिळखिळा होतो. निमुळत्या खाचेत माथा थोडा वर सरकून पुन्हा घट्ट बसतो. खाच ९० मिमी उंचीत ३८ मिमीवरून ३२ मिमीपर्यंत निमुळती असेल, तर उताराचे प्रमाण १५ला १ येते. ३६ मिमी रुंदीचा दांडा एक टक्का आकसला असे धरले, तर माथा सुमारे ५.४ मिमी वर सरकेल. म्हणून दांड्याचे वरचे टोक माथ्याबाहेर १२ मिमी तरी ठेवतात.

लाकूड : माथ्यासाठी जड, चिवट आणि सहज न उलणारे लाकूड हवे. उत्तर भारतात शिसम (डाल्बर्जिया सिस्सू) सहज मिळते. वाळलेल्या शिसमाचे वजन दर घनमीटरला साधारण ७७० ते ८०० किग्रॅ. असते. उत्तर प्रदेशातील सहारनपूरच्या नक्षीकामातही हेच लाकूड प्रसिद्ध आहे. बाभूळ जवळपास तितकीच जड असून गाड्यांची चाके, शेतीची अवजारे व हत्यारांचे दांडे यांसाठी तिचा वापर जुना आहे. महाराष्ट्रात दांड्यांसाठी धावडाही नावाजलेला आहे. आयात केलेले बीच हे दर घनमीटरला सुमारे ७२० किग्रॅ. वजनाचे, एकसारख्या पोताचे लाकूड असून ते बाजारात ‘स्टीम बीच’ या नावाने विकले जाते. सागवान टिकाऊ असले, तरी तुलनेने हलके असते व माराखाली त्याच्या कडा लवकर उडतात. देवदार, पाइन यांसारखी मऊ लाकडे माथ्याला चालत नाहीत.

तुकडा निवडताना गाभ्याचा मध्यबिंदू असलेले लाकूड टाळतात, कारण वाळताना त्या बिंदूपासून भेगा फुटतात. फिकट रसकाष्ठाला भुंगेरे लागतात, म्हणून गडद मध्यकाष्ठ घेतात. दांड्यात गाठ नसावी आणि तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ असावेत.

पश्चिम दिल्लीतील कीर्तिनगर येथे लाकूड व फर्निचर यांची मोठी बाजारपेठ आहे. बाजारात लाकूड घनफुटावर विकले जाते. एका मोगरीला घट धरूनही सुमारे २,००० घन सेंमी., म्हणजे ०.०७ घनफूट लाकूड पुरते. त्यामुळे फर्निचरच्या कामातून उरलेले तुकडे यासाठी पुरेसे ठरतात. रस्त्याकडेच्या किंवा सोसायटीच्या आवारातील झाड तोडून लाकूड मिळवणे कायद्याला धरून नाही. दिल्ली वृक्ष संरक्षण अधिनियम, १९९४ नुसार झाड तोडण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते.

लाकूड चांगले वाळलेले हवे. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग पाडून लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा सुचवल्या आहेत. घरी आणलेला तुकडा वापरण्याच्या खोलीत काही आठवडे ठेवतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावतात. टोकांकडून ओलावा सर्वांत वेगाने निघून जातो. टोके उघडी राहिली तर तेथेच चिरा पडतात.

मापे : सर्वसाधारण कामासाठी माथा १५० मिमी लांब, ९० मिमी उंच व ६६ मिमी जाड असावा. दांडा ३३२ मिमी लांब, २२ मिमी जाड आणि रुंदीला वरच्या टोकाशी सुमारे ३९ मिमी व मुठीपाशी ३२ मिमी ठेवतात. शिसमात अशी मोगरी सुमारे ८०० ग्रॅमची होते. बारीक कामासाठी ३५० ते ४५० ग्रॅमची लहान मोगरी सोयीची असते. खोल खाचा पाडण्यासाठी एक किलोपर्यंतची वापरतात. हात लवकर थकत असेल, तर माथ्याची उंची कमी करून वजन घटवतात.

मार हाताच्या कमानीतून पडतो. त्यामुळे माथ्याची दोन्ही तोंडे एकमेकांना समांतर न ठेवता खाली किंचित आत घेतात. दोन्ही रेषा पुढे वाढवल्यास त्या हात ज्या सांध्याभोवती फिरतो त्याच्या दिशेने एकत्र येतात. प्रत्येक बाजूला ३ ते ५ अंशांचा उतार पुरतो. ४ अंश धरल्यास ९० मिमी उंचीत प्रत्येक तोंड सुमारे ६ मिमी आत जाते. परिणामी, माथा वर १५० मिमी आणि खाली सुमारे १३७ मिमी लांब राहतो.

अखंड माथ्याची कृती : (१) माथ्याचा ठोकळा रंध्याने चारही बाजूंनी सरळ व काटकोनात करतात. गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासतात. या टप्प्यावर टोके चौकोनीच ठेवतात, कारण आखणीचा आधार त्यांच्यावरच असतो.

(२) वरच्या बाजूवर मध्यभागी ३८ × २२ मिमी आणि खालच्या बाजूवर ३२ × २२ मिमी असे आयत आखतात. दोन्हींच्या मध्यरेषा ठोकळ्याच्या बाजूंवरून फिरवून जुळवतात.

(३) खालच्या आयताच्या मापात बसणारी, १४ मिमी व्यासाची दोन छिद्रे शेजारीशेजारी पाडतात. गिरमिट किंवा ड्रिल निम्म्यापर्यंत एका बाजूने व उरलेले दुसऱ्या बाजूने चालवतात. असे केल्याने शेवटच्या क्षणी बाहेरची कड फुटत नाही.

(४) पटाशीने आधी खाचेच्या लांब बाजू रेषेपर्यंत सरळ करतात. मग दोन्ही तिरकस टोके तासतात. वरच्या व खालच्या रेषेला टेकणारी सरळ पट्टी आत धरून उताराला मध्ये फुगवटा नाही ना, ते पाहतात. फुगवटा राहिल्यास दांडा फक्त मध्यभागी टेकतो आणि लवकरच सैल होतो.

(५) दांड्यावर तोच उतार आखून करवत व रंधा यांनी तो तयार करतात. दांड्याच्या तिरकस कडांवर खडू घासून दांडा खाचेत घालतात व काढतात. खाचेत जेथे खडू उमटतो, तेथेच लाकूड अधिक आहे असे समजून थोडे तासतात. दोन्ही कडांवर सलग खूण उमटेपर्यंत हे करतात.

(६) दांडा बसवून, बेव्हलने माथ्याच्या तोंडांचा उतार आखतात आणि करवतीने कापतात. तोंडावर रंधा दोन्ही कडांकडून मध्याकडे चालवतात, म्हणजे टोकाचे तंतू फाटत नाहीत.

(७) माथ्याच्या सर्व कडा ३ ते ५ मिमी चापून घेतात. चापलेली कड माराखाली सहज उडत नाही. दांड्याचा खालचा भाग कानशीने अंडाकृती करतात. तो पूर्ण गोल केला तर तोंड कोणत्या दिशेला आहे हे हाताला कळत नाही.

थर चिकटवून केलेला माथा : खोल खाच पाडणे जमत नसेल, तर तीन थर घेतात. प्रत्येक थर २२ मिमी जाड असतो. मधला थर दोन तुकड्यांचा ठेवून त्यांची आतली टोके खाचेच्या उताराप्रमाणे कापतात. दांड्याला मेण लावून तो मध्ये धरतात आणि फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने थर चिकटवून क्लॅम्पने आवळतात. गोंद घट्ट होण्याआधी दांडा काढून घेतात आणि माथा रात्रभर आवळलेला ठेवतात. दिल्लीच्या उन्हाळ्यात गोंद लवकर सुकतो, म्हणून थर लावण्याचे काम सकाळी करणे चांगले. तिन्ही थरांचे तंतू एकाच दिशेला असले पाहिजेत. मधला थर आडवा लावल्यास थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसून जोड उघडतो.

लेप : कच्चे किंवा उकळलेले जवसाचे तेल दोन-तीन पातळ हातांनी लावतात. मुठीवर चकचकीत वॉर्निश लावत नाहीत, कारण घामाने मूठ निसटते. तेलात भिजलेली फडकी चुरगाळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवतात किंवा पाण्यात भिजवून मग टाकतात.

बहुमजली घरातील वापर : दिल्लीच्या द्वारका उपनगरातील वस्ती मुख्यतः दिल्ली विकास प्राधिकरणाच्या व सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सदनिकांत आहे. तेथे कार्यशाळा बहुधा बाल्कनीत किंवा एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात मांडली जाते. मोगरीचा आवाज लोखंडी हातोड्याइतका तीक्ष्ण नसतो, पण तिचा धक्का मेजातून लादीत व लादीतून खालच्या घरात पोहोचतो. मेजाच्या पायांखाली जाड रबर ठेवल्याने आणि मेज खोलीच्या मध्याऐवजी भिंतीलगत, तुळईच्या रेषेत ठेवल्याने हा धक्का कमी होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल व रात्री ४५ डेसिबल असून रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. ठोकण्याचे काम दिवसा केलेले बरे.

शिसम व त्याच्या कुळातील लाकडांच्या भुकटीने काहींच्या त्वचेला व श्वसनमार्गाला त्रास होतो. करवत व पॉलिश पेपर चालवताना मास्क वापरतात आणि भुकटी ओल्या फडक्याने पुसतात.

देखभाल : मोगरी उन्हात किंवा पावसाच्या झडीत ठेवत नाहीत. उन्हाळ्यात मोगरी उलटी धरून दांड्याचे वरचे टोक मेजावर हलके आपटल्यास माथा पुन्हा घट्ट बसतो. तोंड चेपून तंतू मोकळे झाले, की रंध्याने पातळ थर काढून उतार पूर्ववत करतात व कडा पुन्हा चापतात. लहान चीर पडल्यास तीत गोंद भरून क्लॅम्प लावतात. चीर खाचेपर्यंत पोहोचली असेल तर माथा बदलतात. दांडा मोडल्यास जुन्या दांड्याच्या मापाने नवा करतात. खाच सुस्थितीत असेल, तर माथा तसाच चालतो. वारंवार रंधून माथ्याची लांबी १२० मिमीच्या आसपास आली, की वजन कमी पडू लागते. त्या वेळी त्याच खाचेच्या मापाने नवा माथा घडवून जुना दांडा त्यात बसवतात.