मॅच ‘हाउसफुल्ल’, मग तिकिटं जातात कुठे?

२ एप्रिल २०११. वानखेडेवर भारत-श्रीलंका वर्ल्ड कप फायनल. स्टेडियमची क्षमता सुमारे ३३ हजार, पण सर्वसामान्यांसाठी विक्रीला तिकिटं होती फक्त ४ हजार. ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि वेबसाइटच कोलमडली.

बाकीची तिकिटं कुणाला?
मोठा वाटा मुंबई क्रिकेट असोसिएशनशी संलग्न क्लबांना आणि आयसीसीला गेला. प्रायोजक कंपन्यांना तिकिटं मिळतात ती आयसीसीच्याच वाट्यातून.

कंपन्या तिकिटं का घेतात?
प्रायोजकत्वाच्या करारातच ठरावीक तिकिटं असतात. शिवाय जेवणासह ‘हॉस्पिटॅलिटी बॉक्स’ही घेता येतो. ही तिकिटं पुढे डीलर, मोठे ग्राहक आणि पाहुण्यांना दिली जातात.

फटका कुणाला?
छत्रपती संभाजीनगरच्या चाहत्याकडे ना मुंबईच्या क्लबचं सभासदत्व, ना कंपनीचा पास. त्याच्यासाठी ऑनलाइन विक्री हाच मार्ग. तिथे तिकिटं कमी पडली की काळाबाजार फोफावतो.

विशेष म्हणजे, वानखेडे बांधलं गेलं तेच तिकिटांच्या वाट्यावरून. ब्रेबॉर्न स्टेडियम चालवणाऱ्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी वाद झाला, म्हणून मुंबईच्या संघटनेने स्वतःचं मैदान उभारलं. तिथे पहिली कसोटी झाली जानेवारी १९७५ मध्ये. ३६ वर्षांनी त्याच मैदानाच्या तिकिटासाठी चाहते झगडत होते.