गुरांमागची शाळा

माझ्या लहानपणी कंग्राळीत मार्कंडेयच्या काठावर म्हशी राखणाऱ्या पोरांची नावं शाळेच्या पटावर असत, पण पोरं वर्गात नसत. मास्तर त्यांना चुकार म्हणत. पुढं मीही मास्तर झालो. बेळगाव भागातल्या शिक्षणाबद्दल एवढं लिहिलं जातं, पण त्यात ह्या पोरांना जागा नाही, ह्याची मला खंत वाटते.

दुपारी म्हशी पाण्यात बसल्या की पोरांना कुणाची हाक येत नसे. मग सूरपारंब्या सुरू. एकानं टांगेखालून काठी लांब भिरकावायची आणि ज्याच्यावर राज्य त्यानं ती पळत जाऊन आणायची. तेवढ्यात बाकीचे झाडावर. कुठली फांदी अंगाखाली टिकते हे तिथंच कळायचं. जांभळीची कडकन मोडते, चिंचेची सहसा दगा देत नाही. बेंदराआधी काठची चिकणमाती तुडवून बैल व्हायचे. वाळताना शिंगं तडकली की दुसऱ्या दिवशी मातीत बारीक भुसा पडायचा, आणि ही युक्ती कुणी मोठ्यानं सांगितलेली नसे. म्हैस कुणाच्या पिकाकडं वळली तर आडवं जायची पाळी ठरलेली. पाळी चुकवली तर पुढच्या डावात घेत नसत. एवढा कडक न्याय मी नंतर कुठल्याच वर्गात पाहिला नाही.

अशा पोरांची कदर करणारी माणसं मराठीत झाली, पण आमच्यापासून दूर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणात घडलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीचं विकतचं साहित्य खेड्याला झेपणारं नव्हतं. म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. आदिवासी पोरं गुरांमागं जात, शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा शिकवणारे उठून कुरणात गेले. तीच कुरणशाळा. गुरं सोडून ये, असं त्यांनी पोराला सांगितलं नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. पोटाचं काम, खेळ आणि अक्षर एका जागी नांदू शकतात हे त्यांनी करून दाखवलं. युरोपात, डेन्मार्कमध्ये, १९५० च्या दशकात लहान मुलांना रोज रानात नेणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या. त्यांचं कौतुक आज जगभर होतं. कोसबाडचं काम त्याच काळातलं, आणि त्याला गरिबीचीही जाण होती.

आमच्याकडं १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर शाळा कुठल्या भाषेत भरणार ह्याच प्रश्नावर गावं झटली. झटायलाच हवं होतं, मीही त्यात आहे. पण शाळा कुठं भरणार हे विचारायला कुणाला उसंत मिळाली नाही. तोवर बेळगाव शहर वाढत आमच्या वेशीला भिडलं, चराऊ जमिनीवर घरं झाली, आणि उरलेल्या म्हशी गोठ्यात बांधून वैरणीवर आल्या. मार्कंडेयचा काठ मात्र अजून आहे. मराठी शाळांनी आठवड्यातली एक दुपार मुलांना तिथं न्यावं, पोहणारी चार मोठी माणसं सोबत ठेवावीत आणि डाव मुलांनाच मांडू द्यावा, एवढं मी गावच्या शाळा सुधारणा समितीला लिहून दिलं आहे.