गिरणगांवांतील माता आणि त्यांचीं बाळंतपणें

पवित्र मरिया मातेला दिवस भरत आले असतां घर सोडून बेथलेहेमची वाट धरावी लागली, आणि तेथें उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, ही कथा आपण दर नाताळांत ऐकतों. मुंबईच्या गिरणगांवांत परगांवाहून आलेल्या स्त्रियांवर असा प्रसंग एके काळीं नित्य येत असे. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकांत त्यांचीहि आठवण असावी, म्हणून हा अल्प लेख.

१९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंतील शंभरांपैकीं चौऱ्यायशीं माणसें शहराबाहेर जन्मलेलीं आढळलीं. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वांटा सर्वांत मोठा होता. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या या लोकांतील पुष्कळ स्त्रिया कापडाच्या गिरण्यांत, बहुतेक वाइंडिंगच्या आणि रिळाच्या खात्यांत, मजुरी करीत. एकंदर गिरणीकामगारांचा सुमारें पांचवा हिस्सा त्यांचा असे. कामावर घेणें व काढणें बऱ्याच अंशीं खात्याच्या नायकिणीच्या हातीं होतें. घरीं बसावें तर मजुरी बुडे, आणि परत येईपर्यंत जागाहि जाई. तेव्हां पोटुशी बाई होईल तितके दिवस काम रेटीत राही.

त्याच सालीं मुंबईंत दर हजार जन्मांमागें ६६६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावल्याची नोंद आहे; एका खोलीच्या बिऱ्हाडांत तर ८२८. हे आंकडे वाचून अंगावर कांटा येतो. परंतु ते जसेच्या तसे घेऊं नयेत. पुष्कळ बायका बाळंतपणास गांवीं जात. मूल तेथें जन्मे, नोंद तेथेंच होई. पुढें आईबरोबर मुंबईस आलेलें तें मूल येथें मेलें, तर मृत्यु मात्र मुंबईच्या वहींत चढे. म्हणजे आंकडा फुगलेला होता खरा. तथापि त्यांतील अर्धाच प्रमाण मानला, तरी दर तीन बालकांमागें एक गेलें!

मुंबई सरकारनें १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्याकडून या विषयाची चौकशी करविली. गिरणींत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरांपैकीं ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असें त्यांना आढळलें. अफूची ती बाळगोळी घरोघर परिचित होती. आईस दोष देणें सोपें आहे. पण दहा-दहा तास गिरणींत उभें राहावयाचें आणि घरीं मूल सांभाळावयास कोणी नाहीं, अशा बाईनें करावें तरी काय?

१९१९ सालीं वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें प्रसूतीपूर्वीं व नंतर सहा-सहा आठवडे विश्रांतीचा नियम केला. त्या परिषदेस हजर असलेले श्री. ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत विधेयक आणलें, तें नामंजूर झालें. मुंबईच्या कायदेमंडळांत मात्र श्री. आसवले यांच्या विधेयकाला १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधीं आणि नंतर मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, असें त्यांचें म्हणणें. १९२९ सालीं कायदा झाला: दिवसाला आठ आणे, तीन आठवडे आधीं, चार आठवडे नंतर. या खर्चाचा भार मुख्यत्वें सरकारनें उचलावा, हें डॉ. आंबेडकरांना मान्य होतें. पण कायद्यानें तो मालकावर टाकला. मग स्त्रियांना कामावर कमी घेण्याकडे मालकांचा कल वळला, हें ओघानेंच आलें. परोपकाराचीहि एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. कायद्यापूर्वीं तीन वर्षें, १९२६ सालीं, परळ येथें वाडिया घराण्यानें गिरणीकामगारांच्या स्त्रियांसाठीं प्रसूतिगृह उघडलें.

आणि आपली ख्रिस्तसभा? व्रतस्थ भगिनींनीं बाळंतपणाचें काम करूं नये, असा त्या काळीं निर्बंध होता. आज याचें आश्चर्य वाटतें, पण तें लपविण्याचें कारण नाहीं. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅकलॅरेन यांनीं पडद्यांतील स्त्रियांचे हाल रावळपिंडीस पाहिले आणि हा निर्बंध उठावा म्हणून रोमकडे वारंवार विनवणी केली. १९१३ सालीं त्या निवर्तल्या; निर्बंध कायमच होता. गुंटूरला १९२० सालीं आलेल्या सिस्टर मेरी ग्लॉरी यांना वैद्यकी करण्यास परमगुरूंची खास परवानगी मिळवावी लागली. रावळपिंडींत काम केलेल्या डॉ. ॲना डेंगेल यांनीं १९२५ सालीं अमेरिकेंत वैद्यकीय मिशनचा संघ स्थापिला, तोहि प्रथम पूर्ण व्रतांवांचूनच. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें आणि धर्मभगिनींना सुईणपणाची मोकळीक झाली. १९४३ सालीं सिस्टर ग्लॉरी यांनीं भारतांतील कॅथलिक इस्पितळांचा संघ उभारला. मॅकलॅरेनबाईंना गेल्याला तेव्हां तीस वर्षें झालीं होतीं.

१९६१ सालीं सर्व देशासाठीं प्रसूतिलाभाचा कायदा झाला. २०१७ सालीं पगारी रजा छव्वीस आठवड्यांपर्यंत वाढली. बांधकामावर किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या परगांवच्या मजूर बायकांच्या हातीं त्यांतलें फारच थोडें येतें. गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थांबले. परळचें तें प्रसूतिगृह मात्र अजून चालू आहे.